सोळा जण आणि अकरा काठ्या

मुलांनो, मुंबईहून आगगाडीने भुसावळकडे कधी गेला आहात का? मनमाड आणि नांदगाव मागे पडलं, की चाळीसगाव जंक्शन लागतं. बहुतेक लोक खिडकीतून चहा घेतात, पिवळी पाटी वाचतात आणि पुन्हा डोळे मिटून घेतात. उतरतं कोण? ज्यांना धुळ्याच्या गाडीत बसायचं ते, आणि आमच्यासारखे तालुक्यातले लोक. पण एकदा मुद्दाम उतरा. तितूर आणि डोंगरी या दोन नद्यांच्या काठी वसलेलं हे गाव आहे. दक्षिणेला सातमाळ्याचे डोंगर भिंतीसारखे उभे, आणि बाकी तिन्ही बाजूंना काळी जमीन. डिसेंबरात आलात तर ती काळी दिसणारच नाही, कारण सगळीकडे कपाशी फुटलेली असते.

आमची शाळा चाळीसगावापासून एस.टी.ने पाऊण तासावर. जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. मागच्या डिसेंबरात आम्ही सोळा मुलामुलींना घेऊन चाळीसगावला सहलीला गेलो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी तिथल्या एका शाळेच्या संघाशी हॉकीचा मैत्रीचा सामना खेळलो. त्या दिवसाची ही हकिगत.

तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या शाळेत हॉकी कुठून आली? ती आली भुसावळहून. माझ्या मामांचे एक स्नेही रेल्वेतून निवृत्त झाले. घर आवरताना त्यांच्या माळ्यावरून अकरा जुन्या काठ्या निघाल्या. त्यांनी त्या पोत्यात बांधून माझ्याकडे पाठवल्या. दोन काठ्यांना चीर गेलेली, एकीची मूठ सुटलेली. मी त्यांना दोरी गुंडाळली. मुलांना सांगितलं, नाक मुरडू नका. आपल्या पुण्याजवळच्या खडकीत, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, धनराज पिल्ले नावाचा मुलगा मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भावांबरोबर चिखलात खेळायचा. पुढे तो चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला.

नडगीला चेंडू लागू नये म्हणून आम्ही वहीचे पुठ्ठे मोज्यात खोचले. गोलरक्षकाला क्रिकेटचे पॅड बांधले. काठीच्या चपट्या बाजूनेच चेंडू मारायचा, पाठीने नाही, हे शिकायलाच दोन शनिवार गेले. खेळणारे झाले सोळा. काठ्या अकरा. संघातही अकराच लागतात. तेव्हा आज ना उद्या निवड करावी लागणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याची मला धास्ती वाटत होती. खेड्यात सगळे एकमेकांना ओळखतात. कोणाचं नाव घेतलं नाही, तर ते दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, तिसऱ्या दिवशी पारावर आणि चौथ्या दिवशी माझ्या घरी पोचतं.

म्हणून मी युक्ती केली. सगळ्यांसमोर नियम सांगून टाकला, "शनिवारी सकाळची शाळा सुटली की सराव. सामन्याआधी दहा शनिवार आहेत. त्यांतल्या आठ शनिवारी जो हजर, तो संघात." सगळ्यांनी माना डोलावल्या. डिसेंबरात हजेरी मोजली तर आठ भरलेले बरोबर अकरा निघाले! मला हायसं वाटलं. निवड हजेरीपटाने केली होती, मी नव्हे.

त्या अकरांत माझा मुलगाही होता. तो याच शाळेत सहावीला आहे. त्याचे दहापैकी दहा शनिवार भरले होते. भरणारच की! काठ्यांच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात. मी निघालो की माझ्या सायकलवर मागे तो. खेळ त्याचा कसा आहे, हे बापाने सांगणं जड जातं. पण चेंडू त्याच्याकडे गेला, की आमची बाकीची मुलं आधीच मागे पळायला लागतात, एवढं सांगतो.

आणि त्याच वर्गातल्या एका मुलीचं नाव यादीत नव्हतं. पहिले चार शनिवार ती आली. चेंडू तिच्या काठीला चिकटल्यासारखा राहायचा. मग ऑक्टोबरात कपाशी फुटली. शनिवारी शाळा सुटली की ती आईबरोबर शेतात जायची आणि धाकट्या भावाला घेऊन बांधावर बसायची. यादी लावली त्या दिवशी तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली आणि मला आमच्या अहिराणीत विचारलं, "सर, मन्हं नाव काबर नही शे?"

मी हजेरी दाखवली. चार खुणा. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या फाटकाशी थांबली होती. म्हणाली, "सर, नियम तुमचा बरोबर आहे. आम्ही काही म्हणत नाही. पण कपाशी थांबते का कोणासाठी? आणि धाकल्याला मी पाठीला बांधून वेचू कशी?" मी म्हटलं, "ताई, नियम सगळ्यांना सारखा आहे." त्या "हो" म्हणाल्या आणि निघून गेल्या. सारखा आहे म्हणताना माझ्याच आवाजात काहीतरी अडकल्यासारखं झालं. सहलीला मात्र सोळाही जण न्यायचे हे ठरलेलं होतं.

रविवारी पहाटेच निघालो. थंडी चांगलीच होती. चाळीसगावच्या एस.टी. स्टँडवर उतरलो आणि दोन काळ्यापिवळ्या जीप ठरवून आधी पाटणादेवीला गेलो. गावापासून साधारण अठरा किलोमीटर. डोंगराच्या कुशीत रस्ता शिरतो, तसा गौताळ्याच्या अभयारण्याचा भाग सुरू होतो. पळस, साग, अंजन. चंडिकादेवीच्या मोठ्या दगडी देवळात आम्ही दर्शन घेतलं. अलीकडे पाटणा गावाजवळ महादेवाचं जुनं देऊळ आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघण्यात मुलांचा अर्धा तास गेला. डोंगरावर पितळखोऱ्याची लेणी आहेत, पण तिकडे गेलो असतो तर सामना बुडाला असता.

मला मुलांना इथे आणायचं होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. या पाटण्याला सापडलेल्या एका शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. भास्कराचार्य जन्मले १११४ साली. त्यांनी 'लीलावती' लिहिली ती ११५० साली. त्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि १२०७ साली त्या मठाला दान मिळालं. म्हणजे पहा, आपल्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा होती! मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात जगापुढे आणला.

'लीलावती'त एक गंमतीचा प्रकार आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट अशा सहा चवी आहेत. त्या एकेक, दोन-दोन, तीन-तीन अशा मिसळून किती प्रकार होतील? उत्तर आहे ६३. मी चार मुलांना उभं केलं आणि म्हटलं, यांतून दोघांची जोडी निवडा, किती प्रकारे निवडता येईल? मुलांनी जोड्या लावून पाहिल्या. सहा. "आता सोळांतून अकरा?"

एकदम गलका झाला. कोणी शंभर म्हणालं, कोणी दोनशे. मग मी वाळूत काठीने मांडलं. सोळांतून अकरा निवडायचे म्हणजे पाच वगळायचे, गोष्ट एकच. १६ × १५ × १४ × १३ × १२ आणि त्याला भागिले १ × २ × ३ × ४ × ५. सातवीतल्या दोघांनी गुणाकार केला, बाकीच्यांनी तपासला. उत्तर आलं ४,३६८.

सगळे त्या आकड्याकडे बघत राहिले. मग वगळलेल्या पाचांपैकी एक पोरगा, वर्गात सगळ्यात लहान चणीचा, म्हणाला, "सर, एवढ्या चार हजार तीनशे अडुसष्टांतून तुम्ही हीच एक का निवडली?"

"हजेरीवरून," मी म्हटलं.

"पण ती पण हजर होती ना सर," त्याने त्या मुलीकडे बोट दाखवलं. "शेतात."

पोरं हसली. मीही हसलो. पण वाळूतलं गणित पुसायला मी उगाच पाय फिरवला.

दुपारी चाळीसगावात परत आलो. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे, तिथे आत जाऊन आलो. मुंबईत जन्मलेले हे छायाचित्रकार. जवळजवळ पन्नास वर्षं ते या घराबाहेर पडलेच नाहीत म्हणा ना! टेबलावर कागद, मीठ, वाळू असलं काहीबाही मांडायचं आणि त्याचा असा फोटो काढायचा की तो हिमालयातला वाटावा, ही त्यांची खासियत. १९८९ साली ते गेले. मुलं फोटो बघून थक्क झाली. आमच्या गोलरक्षकाला वेगळीच काळजी पडली, "म्हणजे त्यांनी एकही मॅच पाहिली नाही?"

मग स्टेशनच्या आवारात झाडाखाली डबे उघडले. कळण्याची भाकरी, ठेचा, दाण्याची चटणी. आतून गाड्यांची घोषणा ऐकू येत होती. मी मुलांना म्हटलं, बघा, कलकत्त्याहून मुंबईला येणारे दोन रेल्वेमार्ग, नागपूरवरून येणारा आणि जबलपूरवरून येणारा, भुसावळला एक होतात आणि या फलाटावरून पुढे जातात. १९२८ साली भारताचा पहिला ऑलिंपिक हॉकी संघ निवडला गेला तो कलकत्त्यातच, आणि बोटीत बसला तो मुंबईला.

"मग ध्यानचंद इथूनच गेले असतील!" एकजण ओरडला. सगळ्यांनी माना वळवून रुळांकडे पाहिलं. जणू गाडी आत्ताच गेली.

त्या निवडीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कोण चांगलं खेळतं हे कळावं म्हणून प्रांताप्रांतांचे पाच संघ कलकत्त्यात एकमेकांशी खेळवले. त्यांतून संघ ठरला. पण सगळ्यांना न्यायला पैसे पुरेनात. पंधरा हजार रुपये कमी पडले. बंगालचा शौकत अली आणि मध्य प्रांताचा नॉरिस या दोघांना मागे ठेवायची वेळ आली. म्हणजे खेळात निवडले गेले, पण तिकिटात वगळले गेले! शेवटी बंगालमधल्या हॉकीप्रेमींनी ऐनवेळी धावपळ करून पैसे जमवले आणि दोघंही गेले. निघण्याआधी मुंबईच्या संघाने त्यांना ३-२ असं हरवलं. १० मार्च १९२८ रोजी 'कैसर-ए-हिंद' बोट सुटली, तेव्हा निरोप द्यायला धक्क्यावर तीन माणसं होती. तीन! आणि ॲमस्टरडॅमला काय झालं? पाच सामने, २९ गोल, आणि आपल्यावर एकही नाही. सुवर्णपदक.

"आणि १९३२ साली," मी पुढे सांगितलं, "पुन्हा प्रांतांची स्पर्धा ठरली. ध्यानचंद लष्करात होते. पलटणीने त्यांना रजा दिली नाही, म्हणून त्यांना त्या स्पर्धेत खेळताच आलं नाही. तरीही हॉकी संघटनेने त्यांना संघात घेतलं. त्यांचा धाकटा भाऊ रूपसिंग मात्र स्पर्धेत खेळून, खेळ दाखवून संघात आला. दोघं भाऊ लॉस एंजेलिसला गेले. अमेरिकेवर २४ गोल झाले, त्यांत रूपसिंगचे दहा आणि ध्यानचंदचे आठ."

गोष्ट सांगण्याच्या भरात मी स्वतःच सापळ्यात पाय घालतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही. आमची सातवीतली कप्तान भाकरीचा घास तसाच हातात ठेवून म्हणाली, "म्हणजे ध्यानचंदांची हजेरी भरली नव्हती."

"नाही."

"रजा मिळाली नाही म्हणून."

"हो."

तिने त्या मुलीकडे पाहिलं. कोणीच काही बोललं नाही. मग एक मुलगा, जो अकरांत होता, जरा चिडूनच म्हणाला, "पण ध्यानचंदांमुळे ज्याचा नंबर गेला, त्याचं काय? त्याने तर सगळ्या मॅचेस खेळल्या असतील!" हेही खरंच होतं की नाही? दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, जो चांगला खेळतो त्याला घ्या. दुसरी बाजू म्हणे, मग आम्ही दहा शनिवार उन्हात कशाला पळालो? मी मध्ये पडलो नाही. मला उत्तर येतच नव्हतं.

एवढ्यात माझा मुलगा उठून माझ्याजवळ आला. शाळेत तो मला सरच म्हणतो. हळूच म्हणाला, "सर, माझ्या जागी तिला घ्या. मी बसतो."

मला क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, हे तरी कुठे बरोबर आहे? त्याने नियम पाळला होता. नियम मी केला होता. चुकीचा असेल तर त्याची भरपाई दहा वर्षांच्या पोराने का करावी? आणि तो माझा मुलगा नसता, तर त्याने असं उठून यायचं कारणच नव्हतं. मी त्याला "खाली बस, जेव" म्हटलं. तो बसला, पण जेवला नाही.

सामन्याला वेळ होता, म्हणून मुलांना घेऊन नदीच्या बाजूला चालत निघालो. हीच नदी २०२१ च्या ऑगस्टअखेर अशी चढली होती की बाजारपेठेत पाणी शिरलं. आता मधोमध एक बारीक धार. इथे मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. ती प्रत्येक चाळीसगावकराला माहीत असायला हवी.

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीच्या कामासाठी खान्देशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवर त्यांच्या समाजाचे लोक हार घेऊन उभे. वस्ती नदीपलीकडे, दोनेक मैलांवर. बाहेर टांगे पुष्कळ. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला टांग्यात बसवून आपण हाकणार नाही, असं टांगेवाले म्हणाले. तास गेला. शेवटी तडजोड निघाली: टांगा भाड्याने देऊ, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. वस्तीतला एकजण पुढे झाला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. नदीवर त्या वेळी कठडे नसलेली फरशी होती. तिथल्या वळणावर घोडा बुजला, चाक दगडाला थडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट खाली नदीत. त्यांचा पाय मोडला. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलं आहे. टांगा उत्तम हाकणारे स्टेशनवर डझनाने होते, हे लक्षात घ्या.

"खेळातपण असं व्हायचं का, सर?"

व्हायचं. त्याच काळात बाळू पालवणकर नावाचे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाला सामने जिंकून द्यायचे त्यांनी, पण चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. कप्तानपदासाठी त्यांचं नाव पुन्हा पुन्हा बाजूला टाकलं गेलं. १९२० साली तर संघातूनच वगळलं, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम हेही संघातून बाहेर पडले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर कप्तान झाले आणि त्यांच्या हाताखाली संघाने स्पर्धा जिंकली.

मुलं गंभीर झाली. आमच्या यादीचा आणि या गोष्टींचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तसा नाही. मी कोणाला जातीवरून वगळलं नव्हतं. पण नदीकाठी उभं राहून मला एवढं कळलं, की ते टांगेवालेसुद्धा "आमचा रिवाजच आहे" असंच म्हणाले असणार. माझ्या नियमात माझी सायकल आणि माझी किल्ली बसत होती. तिचा धाकटा भाऊ बसत नव्हता. नियम करताना मी हे तिला विचारलंच नव्हतं.

मैदानावर पोचलो. समोरचा संघ गणवेशात, पायात बूट. आमची निम्मी पोरं अनवाणी. त्यांच्या सरांनी स्वागत केलं, पाणी दिलं. मी आमच्या सोळाही जणांना गोल बसवलं आणि म्हटलं, "माझा नियम अर्धा चुकला. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा. मात्र ज्याने हजेरी भरली, त्याला बाहेर काढायचं नाही."

कप्तान म्हणाली, "सर, हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतो ना? तुम्हीच शिकवलंय." खरंच की! १९९२ पासून हॉकीत तसा नियम आहे. ऑलिंपिकच्या संघातही कित्येक वर्षं सोळाच खेळाडू असायचे, आणि पाचजण बाकावरून सारखे आतबाहेर करायचे. मी हे वर्गात शिकवलं होतं आणि माझ्याच संघाला लावायचं विसरलो होतो. वाळूत मांडायला ४,३६८ आठवले, आणि हे नाही!

दोन डाव, पंधरा-पंधरा मिनिटांचे. गोलरक्षक एकच, कारण पॅडची जोडी एकच. उरलेल्या पंधरांचे पाच-पाचचे तीन गट चिठ्ठ्या टाकून केले. दर पाच मिनिटांनी एक गट बाहेर, दोन आत. अशा सहा पाळ्या. म्हणजे प्रत्येकजण वीस मिनिटं खेळणार आणि दहा बसणार. समोरच्या सरांना विचारलं. ते आनंदाने "चालेल" म्हणाले. गटांना नावंसुद्धा दिली: पहिला कपाशी, दुसरा केळी, तिसरा ज्वारी. ती मुलगी ज्वारीत आली, माझा मुलगा केळीत. वेळ बघायला घड्याळ कोणाकडे द्यायचं? समोरच्यांच्या एका मुलाकडे दिलं.

सामना सुरू झाला आणि पहिल्या चार मिनिटांत आमच्यावर गोल. बुटांचा आवाज ऐकूनच आमची पोरं बिचकली होती. पुढे हळूहळू सावरलो. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला तिने जे केलं ते मी विसरणार नाही. डाव्या कडेने चेंडू घेतला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि आमच्या कप्तानाला असा अलगद दिला, की कप्तानाला फक्त ढकलायचं होतं. १-१! नंतर मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, बांधावर. कपाशीची वाळकी बोंडं आणि बाभळीची वाकडी फांदी. धाकटा झोपला की तेच.

मग त्यांनी दुसरा गोल केला. १-२. पाच मिनिटं उरली. शिट्टी वाजली. सहावी पाळी. बाहेर बसायची पाळी ज्वारीची होती.

कडेला आमच्या गावचे तीनचार पालक आले होते. ते ओरडले, "सर, तिला राहू द्या! पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे!" आमची मुलंही माझ्याकडे बघायला लागली. समोरच्या सरांनीसुद्धा हाताने खूण केली, ठेवा तिला, आमची हरकत नाही. मी गप्प उभा. तिला ठेवायचं तर कोणाला तरी काढायचं, आणि कोणाला काढायचं हे सगळ्यांच्याच डोळ्यांत दिसत होतं. केळीचा गट तेव्हा आत येत होता.

ती माझ्याकडे आलीच नाही. सरळ माझ्या मुलाकडे गेली आणि काठी त्याच्या हातात दिली. काठ्या अकराच होत्या ना.

शेवटच्या मिनिटात चेंडू नेमका त्याच्याकडे आला. गोल समोर होता. त्याने काठी उचलली आणि चेंडू काठीखालून निघून गेला. आम्ही हरलो.

एस.टी.त परतताना गाणी झाली नाहीत. पुढच्या सीटवर दोघं वाद घालत होते, की पाळी मोडायला हवी होती की नाही. एक पालक मला म्हणाले, "सर, गावाचं नाव झालं असतं." मी म्हटलं, "हो, झालं असतं." माझा मुलगा खिडकीशी बसला होता आणि सबंध रस्ताभर बाहेर अंधारात बघत होता. त्याच्याजवळ जाऊन बसावं असं फार वाटलं, पण त्या गाडीत मी त्याचा सर होतो. घरी गेल्यावर बसलो.

सोमवारी परिपाठानंतर सातवीच्या वर्गात पुन्हा तोच वाद. मी फळ्यावर दोन्ही बाजू लिहिल्या. मतं घेतली नाहीत. वर्ग अजून एकमताचा नाही. पण दोन गोष्टी ठरल्या. सराव शनिवारऐवजी बुधवारी, शाळेच्याच खेळाच्या तासाला, म्हणजे सगळे असतातच. आणि गट पाडताना कोणता गट केव्हा बसणार, याची चिठ्ठी वेगळी काढायची. ही दुसरी सूचना त्या मुलीची.

चाळीसगावचा संघ कपाशी संपल्यावर आमच्या गावी यायचा आहे. निघताना त्यांच्या सरांनी आम्हाला एक काठी दिली. मधोमध तडकलेली आहे, पण लाकूड चांगलं आहे. बारावी काठी! तिला दोरी गुंडाळायचं काम मी दोघांकडे दिलंय, त्या मुलीकडे आणि माझ्या मुलाकडे. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसतात. एकजण काठी धरतो, दुसरी दोरी ओढते. अजून फारसं बोलत नाहीत.